दिवेलागणीचा बंदोबस्त

यवतमाळहून धामणगावला जाणाऱ्या सडकेवर आमचं बाभुळगाव. कापूस हेच इथलं धन, आणि कापसाचा पैसा हाती आला की तोच घातवार. बंड्या धामणगावच्या बाजारात रिकाम्या व्हायच्या आणि गडी मोहाच्या दारूचा वास घेऊन घरी परतायचे. आमचे आबाजी त्यातलेच. पहाटे चिलीम, सांजेला पावशेर. शपथा त्यांनी पुष्कळ वाहिल्या होत्या, आजीच्या गळ्याच्या आणि बैलाच्या शिंगाच्याही. त्यातली एकही पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तगली नाही.

तशा काळात वऱ्हाडानं दोन माणसं पाहिली. दोघंही अमरावती जिल्ह्यातली. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दारू, कर्ज, देवापुढचं बकरं या सगळ्यांवर ते समोरच्यालाच प्रश्न विचारत आणि उत्तरही त्याच्याच तोंडून वदवून घेत. माणूस हादरून घरी जाई. पण बाबा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघालेले असत.

तो दुसरा दिवस तुकडोजी महाराजांनी धरला. 1935 साली मोझरीजवळ गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या. त्यांचा नेम साधा होता: पहाटे सामुदायिक ध्यान, मग ग्रामसफाई आणि रामधून, सूर्य मावळला की सामुदायिक प्रार्थना. पुढे मूर्ती नाही, नुसतं रिकामं आसन. जात न विचारता सगळ्यांनी ओळीनं बसायचं. 1955 साली आलेल्या ग्रामगीतेचे अध्याय 41. त्यात गावाच्या आरोग्याला वेगळा अध्याय आहे, प्रार्थनेलाही आहे.

या वेळापत्रकातली हुशारी मला फार उशिरा उमगली. पहाट चिलमीची आणि सांज बाटलीची. मंडळानं नेमके हेच दोन प्रहर ताब्यात घेतले. आबाजींना कोणी ‘सोडा’ म्हटलं नाही. सांजेला सतरंज्या अंथरून दिवा लावायचं काम तेवढं त्यांच्याकडे आलं. पिऊन आलं तर सतरंजी वाकडी पडते, आणि वाकडी पडली की पोरंही हसतात. म्हणून ते आधी प्रार्थना उरकून मग पिऊ लागले. मग उशीर झाला म्हणून एखाददिवस राहू लागलं. भजन लांबलं, खंजिरी रंगली की गुत्ता बंद झालेला असे. त्यांची दारू कोणत्या दिवशी सुटली हे आजीलाही सांगता आलं नाही. चिलीम मात्र शेवटपर्यंत राहिली, फक्त पहाटेऐवजी न्याहारीनंतर.

सरकारनं दुसरी वाट धरली. नदीपलीकडचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकातच कोरडा झाला, 1993 साली गडचिरोली, 2015 साली चंद्रपूर. चंद्रपूरची बंदी 2021 मध्ये उठलीसुद्धा. यवतमाळातही बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले. आडव्या बाटलीला मतं देऊन दुकान बंद पाडणाऱ्या बायांबद्दल मला आदरच आहे. दुकान डोळ्यांपुढून हटणं ही अर्धी लढाई असते. उरलेली अर्धी मात्र रोज लढावी लागते. 2012 साली राज्यात गुटखाबंदी आली, तरी आमच्या चौकात पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून खर्रा घोटणं काही थांबलं नाही. खर्रा घोटून होईस्तोवर पोरांना टपरीवर उभं राहून गप्पा मारता येतात, आणि त्या गप्पांसाठी गावात दुसरी जागा उरलेली नाही.

प्रार्थनेला आता म्हातारीच माणसं जास्त. पोरांनी भगवी टोपी घालावी असा माझा हट्ट नाही. व्हॉलीबॉलची जाळी बांधा, वाचनालय उघडं ठेवा, भजनाला बसा, काय हवं ते करा. पण व्यसनमुक्तीचा ठराव घेणाऱ्या ग्रामसभेनं आधी एवढं ठरवावं: सांजेला सहा ते आठ गावातला तरणा गडी बसेल कुठं, आणि तिथली सतरंजी रोज कोण अंथरेल?