हाडांचे दप्तर

आमच्या वस्तीतील एक मुलगी शरीररचनाशास्त्रात एम.एस्सी. झाली. त्याच विषयात पीएच.डी. करावी असे तिच्या मनात आहे. एकदा अभ्यासवर्ग संपल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, "सर, तुम्हीच एकदा घरी येऊन सांगा. आजी ऐकत नाही." मी गेलो. आजीने चहा दिला आणि सरळ विचारले, "गुरुजी, बाबांनी सांगितलं मेलेलं ढोर ओढू नका. आम्ही सोडलं. उपाशी राहिलो, पण सोडलं. आता ही पोरगी एवढी शिकून मढ्यातच हात घालणार, तर मग आम्ही मिळवलं काय?"

मी इतिहास शिकवतो. तरी त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

आजीचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्या प्रश्नामागे हजारो वर्षांचा अनुभव आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची कामे सांगितली आहेत. ज्याला कोणी नातलग नाही असे प्रेत त्यांनी वाहून न्यावे, अशी तेथे आज्ञा आहे. गावगाड्यात मेलेली जनावरे ओढणे, मयताची खबर परगावी पोचवणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे महारांच्या माथी होती. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले. रूढी मोडण्याचे ते धैर्य खरेच होते आणि त्यांचे नाव इतिहासात राहिले. परंतु त्याच शहराच्या शवागारांत प्रेते उचलण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या डोमांकडेच राहिले आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. प्रेत उचलणारे हात आपले आणि त्या प्रेतावरून शास्त्र लिहिणारे हात दुसऱ्यांचे, अशी ही वाटणी आहे.

हीच वाटणी अमेरिकेत वंशाच्या नावाने झाली होती. ती मोडू पाहणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाने नेमकी हीच पदवी घेतली. म्हणून त्याची हकीकत येथे सांगतो.

*

न्यूयॉर्क शहरात १७८८ च्या फेब्रुवारीत काळ्या लोकांनी, त्यांत काही गुलाम होते व काही स्वतंत्र, नगरसभेकडे एक अर्ज केला. वैद्यकीचे विद्यार्थी रात्री येऊन आमच्या दफनभूमीतील प्रेते उकरून नेतात, अशी त्यांची तक्रार होती. विच्छेदनाला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. वैद्यांना मृत शरीर अभ्यासावे लागते हे त्यांनी अर्जातच मान्य केले होते. आमच्या मृतांची विटंबना होऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते. त्या अर्जाची कोणी दखल घेतली नाही. एप्रिलमध्ये गोऱ्यांच्या थडग्यांना हात लागल्याचा बोभाटा झाला, तेव्हा मात्र शहरात दंगल उसळली, माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी प्रेतचोरीविरुद्ध कायदा झाला. कोणाच्या प्रेताला किती किंमत होती, हे यावरून कळते.

जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी १८५२ साली ग्रँडिसन हॅरिस नावाचा एक गुलाम विकत घेतला. काळ्यांच्या दफनभूमीतून प्रेते उकरून आणणे हे त्याचे काम होते. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे त्या राज्यात गुन्हा होता. तरीही मृत्यूच्या बातम्या वाचता याव्यात म्हणून त्याला अक्षरओळख करून देण्यात आली! त्या जुन्या इमारतीच्या तळघरात १९८९ साली मानवी हाडांचा ढीग सापडला. त्यांतील बहुसंख्य हाडे काळ्या लोकांची होती. आजीला जी भीती वाटते ती हीच. आपला माणूस शिकला, तर तो ग्रँडिसन हॅरिस होईल काय? मालकासाठी आपल्याच लोकांची थडगी उकरील काय?

प्रेते अशी मिळवली जात होती आणि त्यांच्यावरून शास्त्र काय सांगत होते? फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल जॉर्ज मॉर्टनने कवट्या जमवून त्यांचे आकारमान मोजले आणि १८३९ च्या आपल्या ग्रंथात मानववंशांची उतरंड लावली. रॉबर्ट बेनेट बीन याने १९०६ साली काळ्यांचा मेंदू निकृष्ट असल्याचे मापांसह जाहीर केले. १९०९ साली त्याचेच गुरू फ्रँकलिन मॉल यांनी मेंदू कोणाचा हे डोळ्यांआड ठेवून तेच मोजमाप पुन्हा केले. तेव्हा फरक उरला नाही. आकडे खोटे बोलत नाहीत असे म्हणतात. परंतु आकडे घेणाऱ्याच्या मनात काय आहे, हे आकड्यांत उतरते.

*

विल्यम माँटेग्यू कॉब यांचा जन्म १९०४ साली वॉशिंग्टन शहरात झाला. अमहर्स्ट कॉलेजातून १९२५ साली पदवी घेऊन त्यांनी १९२९ साली हॉवर्ड विद्यापीठातून वैद्यकीची पदवी मिळवली. दवाखाना टाकून पैसा व प्रतिष्ठा मिळवणे त्यांना सहज शक्य होते. त्या काळी काळ्या डॉक्टरकडून समाजाची अपेक्षाही तीच होती. शिवाय १९१० सालच्या फ्लेक्सनर अहवालाने काळ्या डॉक्टरांना त्यांची जागा दाखवून दिली होती. त्यांनी शस्त्रक्रियेपेक्षा आरोग्य व स्वच्छतेचे शिक्षण घ्यावे, असा त्याचा रोख होता. काळ्यांसाठी असलेल्या सात वैद्यकीय शाळांपैकी दोनच राखण्याजोग्या आहेत असे त्या अहवालाने ठरवले आणि पुढे हॉवर्ड व मेहॅरी या दोनच उरल्या. संशोधन ही काळ्यांची पायरी नव्हे, असाच त्याचा अर्थ होता. पायरी दाखवण्याची ही भाषा आपल्याला नवी नाही.

हॉवर्डच्या वैद्यकीय शाळेचे पहिले कृष्णवर्णीय अधिष्ठाता न्यूमा ॲडम्स यांनी ही पायरी नाकारली. होतकरू तरुण डॉक्टरांना उच्च संशोधनासाठी बाहेर पाठवायचे आणि त्यांच्याकडून आपल्याच शाळेत ज्ञाननिर्मिती करवून घ्यायची, असे त्यांनी ठरवले. कॉब क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात टी. विंगेट टॉड यांच्याकडे गेले. टॉड यांच्या शरीररचना विभागात मानवी सांगाड्यांचा प्रचंड संग्रह होता. प्रत्येक सांगाड्यामागे वय, लिंग, वंश, मृत्यूचे कारण यांची नोंद होती. १९३२ साली कॉब यांना पीएच.डी. मिळाली. शारीरिक मानवशास्त्रात ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन आणि पुढे कित्येक वर्षे ते एकटेच होते.

त्यांच्या प्रबंधाच्या नावाचा अर्थ होतो 'मानवी दप्तरे'. इतिहासाच्या माणसाला हे नाव थांबवून ठेवते. आम्ही पेशवे दप्तर चाळतो. त्यात आमचे लोक सापडतात ते वेठबिगारीत, दंडात, राज्यकर्त्यांच्या लेखणीतून. ज्यांना लिहू दिले नाही त्यांचे दप्तर कोणते? त्यांची हाडे. भुकेचे वर्ष दातावर उमटते. वाहिलेले ओझे मणक्यावर आणि स्नायूंच्या जोडावर खुणा ठेवते. हे दप्तर कोणाला खोडता येत नाही. मात्र ते वाचायला येणारा माणूस लागतो.

*

कॉब यांनी ते वाचून दाखवले. त्या वेळी काळे धावपटू शर्यती जिंकू लागले होते. लगेच सिद्धान्त निघाला की त्यांची टाच लांब असते, पोटरीचा स्नायू वेगळा असतो, म्हणून ते धावतात. म्हणजे काळा माणूस हरला तर तो हीन आणि जिंकला तर ते जनावराचे अंग! कॉब यांनी जेसी ओवेन्सच्या पायाची मापे प्रत्यक्ष घेतली आणि १९३६ साली लेख लिहिला. ज्या पोटरीला काळ्यांची पोटरी म्हणत, तशी ओवेन्सची नव्हतीच. ती गोऱ्यांची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या नमुन्याची होती. सर्व काळ्या धावपटूंत समान असे एकही शारीरिक लक्षण नाही, हे त्यांनी मापांनिशी दाखवले. त्याच वर्षी ओवेन्सने बर्लिनला चार सुवर्णपदके जिंकली.

येथे आपल्याला बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले याने नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड लावली होती. १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अशीच नाकांची मापे घेऊन दाखवले की, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. शत्रूचेच हत्यार त्यांनी शत्रूवर उलटवले. परंतु बाबासाहेबांना मापे दुसऱ्यांनी घेतलेली वापरावी लागली. कॉब यांनी ती स्वतः घेतली. पीएच.डी.ने कॉब यांना दिले ते हे.

कॉब हॉवर्डला परतले, तेथे प्रयोगशाळा उभारली आणि सहाशेहून अधिक सांगाड्यांचा संग्रह केला. ते केवळ प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. इस्पितळांतील वर्णभेदाविरुद्ध त्यांनी १९५७ पासून परिषदा भरवल्या आणि १९७६ ते १९८२ या काळात ते एन.ए.ए.सी.पी.चे अध्यक्ष होते. १९९० साली ते वारले.

त्यांना देव करण्याचे कारण नाही. त्यांच्या संग्रहातील हाडेही गरिबांचीच होती. ज्यांच्यावर हक्क सांगायला कोणी आले नाही अशांची. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. आपल्याकडेही १९४९ च्या शरीररचना कायद्याने बेवारस प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद केली. बेवारस कोण मरतो? फुटपाथवर झोपणारा, गाव सुटलेला, आपलाच कोणीतरी. आपला माणूस संशोधक झाला म्हणून हा प्रश्न सुटत नाही. फक्त तो विचारणारा कोणीतरी टेबलापाशी उभा राहतो.

१९९१ साली न्यूयॉर्कमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना एक दफनभूमी लागली. १७८८ च्या अर्जात जिच्यासाठी दाद मागितली होती, तीच ही. चारशेहून अधिक सांगाडे वर आले. काळ्या नागरिकांनी आंदोलन केले. आमच्या पूर्वजांची हाडे आमच्या माणसांनी अभ्यासावीत, ही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली आणि हाडे हॉवर्डला, कॉब यांच्या नावाच्या प्रयोगशाळेत गेली. मायकेल ब्लेकी या कृष्णवर्णीय मानवशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली अभ्यास झाला. काय अभ्यासायचे हे समाजाला विचारून ठरवले गेले. लहान मुलांची उपासमार आणि कोवळ्या वयात वाहिलेली ओझी हाडांतून पुढे आली. उत्तरेकडे गुलामगिरी सौम्य होती, ही सोयीची समजूत त्या दप्तराने खोडून काढली. २००३ साली ते सर्व सांगाडे सन्मानाने त्याच भूमीत परत पुरले गेले. अर्जाला २१५ वर्षांनी उत्तर मिळाले. कॉब यांनी दवाखानाच टाकला असता, तर ती हाडे कोणाच्या हाती सोपवायची होती?

*

मी पुन्हा आजीकडे गेलो. हे सगळे सांगितले, तिच्या भाषेत जमेल तसे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ती ओढणार नाही, वाचणार."

मी म्हटले, "हो आजी."

"मग तिला सांगा, ज्याचं हाड हातात घेईल त्याला कोणी नव्हतं असं समजू नकोस म्हणावं."

कोणत्याही विद्यापीठाच्या नियमावलीत हे वाक्य मला आढळले नाही. आपल्या मुलांनी या शास्त्रात गेले पाहिजे, ते एवढ्यासाठी.