एका शहराची तीन नावे

शहर कोणाचे, हा प्रश्न सत्ताधीशाला विचारला तर तो नकाशा काढतो. परागंदा लेखकाला विचारला तर तो काय काढतो, ते विल्न्यूसच्या उदाहरणाने पाहू.

लिथुआनियनांचे हे विल्न्यूस, पोलिशांचे विल्नो, ज्यूंचे विल्ने. १९३१ च्या शिरगणतीत येथे सुमारे ६६ टक्के पोलिशभाषी आणि २८ टक्के ज्यू होते. लिथुआनियन एक टक्काही नव्हते. तरी लिथुआनिया याच शहराला आपली ऐतिहासिक राजधानी मानीत होता. १९२० साली पोलिश फौजेने ते घेतले. १९३९ ते १९४४ या काळात सोविएत, लिथुआनियन, जर्मन असे अंमल त्यावरून फिरले. बहुतेक सारे ज्यू मारले गेले; युद्धानंतर बहुसंख्य पोलिश पोलंडला गेले. भिंती राहिल्या, माणसे बदलली.

कवी चेस्वाव मिवोश येथेच कायदा शिकले. १९५१ साली पोलंडची सरकारी नोकरी सोडून त्यांनी फ्रान्समध्ये आश्रय घेतला. लिथुआनियन कवी तोमास वेंत्स्लोवा युद्धोत्तर विल्न्यूसमध्ये वाढले. १९७७ साली त्यांनी देश सोडला आणि सोविएत सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. या दोघांनी शहराविषयी एकमेकांना लिहिलेली पत्रे पॅरिसजवळून निघणाऱ्या ‘कुल्तुरा’ या पोलिश मासिकात १९७९ साली छापली गेली. सातबारा कोणीच पुढे केला नाही. दुसऱ्याच्या आठवणीलाही या शहरात घर आहे, हे दोघांनी मान्य केले. वेंत्स्लोवांनी तर ज्यूंच्या हत्याकांडातील लिथुआनियन हातांविषयीही उघडपणे लिहिले. स्वकीयांचा रोष पत्करूनच असे लिहिता येते.

परागंदा होण्याने माणूस आपोआप उदार होतो, असे मुळीच नाही. गेलेल्या घराच्या नावाने सूड पेटविणारेही पुष्कळ असतात. या दोघांनी राष्ट्र सोडले नाही. मात्र त्याची मक्तेदारी सोडली. १९९४ साली स्वतंत्र लिथुआनिया आणि पोलंड यांनी मैत्रीचा करार केला. तो मुत्सद्द्यांचा, हे खरे. पण जमीन अशा लेखणींनी नांगरली होती.

तिसरे नाव राहिले. ज्यू कामगारांचा ‘बुंड’ हा पक्ष १८९७ साली याच शहरात जन्मला. आम्हा चळवळीतल्या माणसांना हे विसरता येत नाही. येथील यिडिश कवी अब्राहम सुत्स्केव्हर १९४३ साली घेट्टोतून निसटले. पुढे तेल अवीवमध्ये, ‘हिस्ताद्रुत’ या कामगार महासंघाच्या आधाराने, १९४९ पासून त्यांनी एक यिडिश नियतकालिक चालविले. मिवोशना उत्तर देणारा वेंत्स्लोवा भेटला. सुत्स्केव्हरांच्या विल्नेतून उत्तर कोण धाडणार? समेट करायलाही पलीकडे माणूस जिवंत असावा लागतो.