इन्सुलिनचा वेग आणि रुग्णाचे घड्याळ

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियामकांनी श्वासावाटे घ्यावयाच्या जलद इन्सुलिनच्या वितरणास भारतात मान्यता दिली. सुईचा त्रास कमी होणार, म्हणून बातमीचे स्वागत झाले. मात्र इन्सुलिनचा वेग वाढला की रुग्णाला जुनी सवय मोडून नवी लावून घ्यावी लागते. इतिहासाची ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने त्याच महिन्याच्या अखेरीस गुण दिला. या औषधाने प्राण वाचवले, परंतु निरोगी स्वादुपिंडाची चपळाई त्यात नव्हती. परिणाम सुरू होण्यास सुमारे अर्धा तास लागे, जोर दोन ते चार तासांनी येई आणि अंमल सहा-आठ तास टिके. म्हणून ‘आधी सुई, अर्ध्या तासाने जेवण’ हा नियम रूढ झाला. पंगत लांबली की रक्तातील साखर घसरण्याचे भय असे, आणि मधल्या वेळचे खाणे चुकवून चालत नसे.

या संथपणाचे मूळ रेणूच्या रचनेत होते. १९६९ मध्ये ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने इन्सुलिनची त्रिमितीय रचना उलगडली. त्या गटात एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रथिन-स्फटिकशास्त्राचा पाया घातला. स्फटिकात इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या आधाराने एकत्र बांधलेले दिसले. औषधातील अशी जुडी त्वचेखाली सुटल्याखेरीज रेणू रक्तात सहज शिरत नाहीत.

मग ही जुडीच सैल करता आली तर? ‘लिस्प्रो’ इन्सुलिनमध्ये बी साखळीच्या २८व्या व २९व्या स्थानांवरील प्रोलीन आणि लायसीन या अमिनो आम्लांची अदलाबदल केली गेली. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. आता परिणाम सुमारे १५ मिनिटांत सुरू होऊ लागला.

रेणूतील बदल एवढासा होता. दिनक्रमातला बदल मात्र मोठा होता. अर्धा तास थांबण्याची जुनी शिस्त आता घातक ठरू शकत होती, कारण घास पोटात जाण्यापूर्वीच साखर उतरू लागे. जुन्या इन्सुलिनचा रेंगाळणारा अंमल दोन जेवणांमधला काळ थोडाफार सांभाळून घेई. तो आधार गेल्याने संथ इन्सुलिनची मात्राही नव्याने बसवावी लागली. तेलकट, तुपकट जेवण उशिरा पचते, तोवर इन्सुलिन पुढे निघून जाते. आणि सर्वांत मोठा धोका अधीरतेचा: पहिल्या मात्रेचा अंमल संपण्याआधी दुसरी घेतली, तर दोन्हींचा भार एकत्र पडतो.

२०१७ मध्ये निकोटिनामाइड मिसळून ‘अ‍ॅस्पार्ट’ आणखी जलद केले गेले. श्वासावाटे घेतलेले इन्सुलिन तर फुप्फुसांतून थेट रक्तात उतरते. तरीही ते केवळ जेवणापुरते असते. टाइप १ च्या रुग्णांना संथ इन्सुलिनची सुई चुकत नाही, आणि धूम्रपान करणाऱ्यांना किंवा दम्याच्या रुग्णांना ते वर्ज्य आहे.

औषधाचा वेग प्रयोगशाळेत ठरतो. त्याच्याशी जुळवून घेणे मात्र ताटासमोर, वारंवार साखर मोजत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच साधते. १९२२ पासून प्रत्येक नव्या इन्सुलिनच्या यशात रुग्णांच्या या निमूट अभ्यासाचा वाटा आहे.