प्रभातचे भागीदार

हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी नोकरी सोडून कंपनी काढत असतं. दोघं-तिघं मित्र, एक कल्पना, कुणाच्या तरी काकांचा रिकामा फ्लॅट. वर्ष-दीड वर्षात त्यांचं आपसांत बोलणं बंद झाल्याचं कळतं. अशी बातमी आली की मला हमखास 'प्रभात' आठवते. चित्रपटांसाठी नव्हे (त्यावर लिहिणारे भरपूर आहेत), भागीदारीसाठी.

विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे चौघे कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. १९२९ साली ते तिथून बाहेर पडले आणि भांडवल घालणाऱ्या सीताराम कुलकर्णींना बरोबर घेऊन त्यांनी प्रभात काढली. आता कामाची वाटणी बघा. धायबरांकडे कॅमेरा. फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन. शांतारामांकडे दिग्दर्शन. दामलेमामांकडे यंत्रं, आणि बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणही. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणाच्या मॉड्यूलमध्ये कुणी हात घालायचा नाही! भांडायला जागाच कमी. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' असाच झाला. पुढच्याच वर्षी कंपनीने पुण्याला बिऱ्हाड हलवलं, आणि १९३४ मध्ये 'अमृतमंथन' आला.

पण सिनेमाच्या धंद्यात एक गोची आहे. काम पाच जणांत वाटता येतं, नाव वाटता येत नाही. लोकांच्या तोंडी बसतं ते दिग्दर्शकाचं. ध्वनिमुद्रण कोणी केलं हे विचारत कुणी थिएटरबाहेर पडत नाही.

त्यात १९३६ साली दामले-फत्तेलाल जोडीने 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. मुंबईत तो एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे आता एकाच छपराखाली दोन सत्ताकेंद्रं. इथे दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा निकाल लागला असता. प्रभातमध्ये मात्र रस्ते वेगळे पडले. दामले-फत्तेलालांनी 'गोपालकृष्ण' (१९३८) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) केले. शांतारामांनी 'कुंकू' (१९३७) आणि 'माणूस' (१९३९) केले. एकीकडे भक्ती, दुसरीकडे समाज. ठरवून झालं की आपोआप, याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. माझ्या मते प्रभातची सगळ्यात चांगली वर्षं हीच, आणि ती या वेगळ्या रस्त्यांमुळेच मिळाली. मात्र स्टुडिओ एक, तिजोरी एक आणि पडद्यावरची ती तुतारीवालीही एकच.

१९४१ मध्ये शांतारामांचा 'शेजारी' आला. जिवबा आणि मिर्झा, दोन जिवलग शेजारी. गावात धरण बांधायला निघालेला माणूस त्यांच्यात फूट पाडतो. मिर्झाच्या भूमिकेत गजानन जागीरदार, जिवबाच्या भूमिकेत केशवराव दाते, आणि शेवटी ते फुटणारं धरण! चित्रपटाचा विषय हिंदू-मुसलमान ऐक्याचा आहे, त्यात प्रभातची कहाणी शोधू नये हे मलाही कळतं. पण शांतारामांचा प्रभातमधला शेवटचा चित्रपट दोन मित्रांच्या दुराव्यावर असावा, हे बघून जरा चमकायला होतंच.

त्याच वर्षी शांतारामांनी 'शेजारी'च्या नायिकेशी, जयश्रीशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये प्रभात सोडली. कंपनीतल्या नट्यांशी भागीदारांनी प्रेमसंबंध ठेवायचे नाहीत असा प्रभातचा नियम होता आणि तो मोडला म्हणून फाटलं, अशी कथा नेहमी सांगितली जाते. धायबरही आधी बाहेर पडले ते नायिका नलिनी तर्खड यांच्याशी लग्न झाल्यावर, हे त्याच कथेत येतं. मला ही कथा अर्धीच पटते. तेरा वर्षं एकत्र काढलेली माणसं केवळ एका नियमावर वेगळी होत नाहीत. बाहेर स्वतःच्या नावावर कंपनी उभी राहू शकते अशी खात्री असलेल्या माणसाला आत थांबवायला नियम कितीसा पुरणार? नियम फार तर तारीख ठरवतो.

शांतारामांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभं केलं. १९४३ मध्ये तिथून 'शकुंतला' आला, नायिका जयश्री. तो जोरात चालला.

आणि पुण्यात? मागे राहिलेले लोक काही लेचेपेचे नव्हते. १९४४ चा 'रामशास्त्री' आजही बघण्यासारखा आहे. पण त्याच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक तीन आहेत: जागीरदार, विश्राम बेडेकर आणि राजा नेने. उत्तम कोड लिहिणारे सगळे आहेत आणि 'हे असंच जाऊ दे' म्हणणारा कुणी नाही, असा प्रोजेक्ट ज्याने पाहिलाय त्याला यातलं दुखणं समजेल. दामलेमामा १९४५ साली गेले. पुढच्याच वर्षी 'हम एक हैं' आला. नाव बघा! देव आनंद त्यात पहिल्यांदा पडद्यावर दिसला. पन्नाशीच्या दशकात प्रभात बंद पडली आणि १९६० साली त्याच जागेवर सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली.