कामाची वाट कुठून सुरू होते?

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात चार्ल्स प्रिस्टली नावाचा एक तरुण खाटकाकडे चाकरीला होता. १८३५ सालच्या मे महिन्यात मालकाने त्याला माल पोचवायला घोडागाडीतून पाठवले. गाडीत बोजा वाजवीपेक्षा जास्त भरला होता. वाटेत गाडीने दगा दिला, प्रिस्टली खाली आला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. गाडी मालकाची, माल मालकाचा, हुकूमही मालकाचा. मोडलेला पाय तेवढा चाकराचा.

प्रिस्टलीने मालकावर, म्हणजे टॉमस फाउलरवर, दावा लावला. ज्यूरीने त्याला शंभर पौंड मंजूर केले. पण १८३७ मध्ये वरच्या न्यायालयात लॉर्ड ॲबिंजर यांनी तो निकाल फिरवला. त्यांचे म्हणणे असे, की एकदा का हे मान्य केले, तर उद्या दासीने ओलसर बिछाना घातला म्हणून नोकर भरपाई मागेल, आचाऱ्याने तांब्याची भांडी नीट घासली नाहीत म्हणून मागेल, सुताराने पलंग कच्चा केला म्हणूनही मागेल. शिवाय गाडी जड झाली आहे हे चाकराला मालकापेक्षा आधी कळते. त्याने चढू नये! न्यायमूर्तींच्या कल्पनाशक्तीला दाद द्यावी लागेल. पण ज्याच्या घरची चूल त्या गाडीवर चढण्यावर पेटते, त्याने ‘मी चढत नाही’ असे कुणाला सांगायचे, हे मात्र त्या कल्पनेत बसले नाही.

कामाच्या प्रवासात अपघात झाला तर नोकरदाराने काय करावे, हा आजचा साधा व्यावहारिक प्रश्न. त्याचा इतिहास या खाटकाच्या गाडीपासून सांगावा लागतो. कारण पुढची जवळजवळ साठ वर्षे या प्रश्नाचे उत्तर एकच होते : सोसावे, आणि मालकाच्या दयेची वाट पाहावी. सहकाऱ्याच्या चुकीमुळे इजा झाली तर मालक जबाबदार नाही, हे तत्त्व या निकालातून वाढत गेले. रेल्वेचे जाळे पसरत होते, गाड्या एकमेकींवर आदळत होत्या, आणि जखमी फायरमनला सांगितले जाई की चूक सांधेवाल्याची आहे, कंपनीची नव्हे. १८८० साली इंग्लंडमध्ये थोडी सवलत देणारा कायदा झाला, पण कामगाराकडून आधीच ‘मला हा कायदा नको’ असे लिहून घेण्याची पळवाट त्यात राहिली.

खरा बदल झाला १८९७ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने चूक कुणाची, हा प्रश्नच बाजूला ठेवला. इजा कामामुळे झाली आणि काम चालू असताना झाली, एवढे दिसले की भरपाई. हेच शब्द आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात आले आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाले. कामामुळे आणि काम चालू असताना. मी शब्दांचा धंदा करणारा माणूस आहे, आणि इतक्या थोड्या शब्दांवर इतके भांडण झालेले मी दुसरीकडे पाहिले नाही. कारखान्याच्या यंत्रात हात गेला तर वाद नाही. पण काम संपले कधी? फाटकाबाहेर? बसथांब्यावर? घराच्या उंबऱ्यावर? रस्त्यावरच्या अपघातात सगळा निकाल या प्रश्नावर लागतो.

पोरबंदरजवळच्या मिठागराची गोष्ट घ्या. मजूर रोज खाडी ओलांडून कामाला जात. १९५२ च्या जून महिन्यात कामावरून परतताना त्यांची होडी उलटली आणि काही जण बुडाले. बायकामुलांनी भरपाई मागितली. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नाही म्हटले. न्यायालयाने तत्त्व चांगले मांडले होते : कामाची जागा म्हणजे फक्त चार भिंती नव्हेत, तिची हद्द आजूबाजूला थोडी वाढते, येण्याजाण्याची वाट काही वेळा तिच्यात येते. पण ही होडी सार्वजनिक होती, कोणीही पैसे देऊन बसावे अशी; तिच्यात मजूर हा चारचौघांसारखा उतारू. तत्त्व कायद्याच्या पुस्तकांत कायमचे राहिले, बुडालेल्यांच्या घरी मात्र काहीच गेले नाही.

मग आली मुंबईची बस. २० जुलै १९५७ रोजी बेस्टचा एक चालक जोगेश्वरी डेपोतले आपले काम संपवून सांताक्रूझला घरी जायला दुसऱ्या बसमध्ये चढला. अंधेरीच्या बाजूला घोडबंदर रोडवर एक लॉरी वाकडीतिकडी उभी होती. बस तिच्यावर आदळली, चालक रस्त्यावर फेकला गेला, आणि सहाव्या दिवशी रुग्णालयात वारला. त्याच्या विधवेने दावा केला. बेस्टचे म्हणणे, ड्यूटी संपली होती, तो घरी चालला होता. वरवर पाहता खरेच होते.

पण १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने विधवेच्या बाजूने कौल दिला. त्यामागचा विचार मला फार आवडतो. बेस्टचा चालक डेपोच्या शेजारी राहत नाही, एवढ्या पसरलेल्या शहरात राहूच शकत नाही. तो वेळेवर आणि ताजातवाना यावा म्हणूनच त्याला गणवेशात बसमधून फुकट प्रवासाची मुभा दिलेली. तेव्हा हा प्रवास उपकार नव्हे, नोकरीचाच भाग आहे. सगळे शहर आणि शहरभर धावणाऱ्या बसगाड्या हीच त्याची कामाची जागा. एका न्यायमूर्तींना हे पटले नाही, त्यांनी वेगळे मत लिहिले. पुढे देशभर असंख्य दाव्यांत वकिलांनी या निकालाचा आधार घेतला. कंपनीच्या बसमधून, मालकाने ठरवून दिलेल्या जीपमधून जाताना अपघात झाला की पहिले बोट याच निकालावर ठेवले जाते.

तिसरी गोष्ट समुद्रावरची. आमच्या कोकणात घरटी एखादा माणूस आगबोटीवर खलाशी असायचा, म्हणून ती वाचताना मन थबकते. १९६१ च्या डिसेंबरात ‘द्वारका’ नावाच्या जहाजावरचा एक खलाशी पहाटे नाहीसा झाला. आदल्या दिवसांत त्याने छातीत दुखते म्हणून, झोप येत नाही म्हणून तक्रार केली होती. रात्री उशिरा कोणीतरी त्याला डेकवर पाहिले होते. सकाळी तो कुठेच नव्हता. बापाने भरपाई मागितली. मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती द्यायला सांगितले, पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. तो पाय घसरून पडला, की स्वतःच उडी घेतली, की आणखी काही झाले, हे सांगणारा कोणी नव्हता. मृत्यू अपघाताने आणि कामामुळे झाला, एवढे दाखवणे मागणाऱ्याचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. जहाज मालकाचे, नोंदवही मालकाची, साक्षीदारही मालकाचे नोकर. आणि पुरावा द्यायचा तो घरी बसलेल्या म्हाताऱ्या बापाने.

या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की अपघातानंतर काय करायचे, हे कुठल्याही परिपत्रकापेक्षा स्पष्ट दिसते. आधी जीव. इलाज, रुग्णवाहिका, जवळचे रुग्णालय. त्यात कागदापायी एक मिनिटही घालवू नये. २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा रोकडरहित उपचार मिळण्याची तरतूद आहे, ती रुग्णालयात विचारावी. पण डॉक्टर ‘कसे झाले?’ म्हणून विचारतील, तेव्हा ‘गाडीवरून पडलो’ एवढ्यावर थांबू नये. कुठे चाललो होतो, कोणाच्या कामाने, किती वाजता, हे सांगावे आणि ते केसपेपरवर लिहिले गेले का, हे सोबतच्या माणसाने पाहावे. वर्ष-दोन वर्षांनी आयुक्तांपुढे तोच केसपेपर बोलतो. पोलिसांच्या नोंदीतही हेच यावे, कारण पंचनाम्यात रस्ता आणि वाहने असतात. तुम्ही फिरतीवर होता, हे पंचांना कसे कळणार?

त्यानंतर कार्यालयाला खबर, आणि ती लेखी. फोनवर साहेबांना सांगितले, साहेबांनी ‘काळजी करू नका’ म्हटले, यावर पुष्कळ जण विसंबतात. साहेबांची बदली होते. १९२३ च्या कायद्याने सुरुवातीपासूनच लवकरात लवकर नोटीस द्यायला सांगितले होते. दावा लावायची मुदत आधी तोकडी होती, ती वाढत वाढत दोन वर्षांवर आली. मालकाला अपघात दुसऱ्या मार्गाने कळला असेल तर नोटीस नाही म्हणून दावा बुडू नये, एवढी माणुसकीही त्या कायद्यात होती. पण ‘कळले होते’ हे सिद्ध करत बसण्यापेक्षा दोन ओळींचे पत्र आणि त्यावरची पोच बरी. स्वतः उठता येत नसेल तर भावाने, बायकोने, सहकाऱ्याने द्यावे. आज मोबाइलवरचा संदेशही चालतो, फक्त तो पुसू नये. फिरतीचा आदेश, तिकीट, टोलची पावती, हजेरीची नोंद, ‘अमुक ठिकाणी जाऊन ये’ हा वरिष्ठांचा निरोप, हे सगळे एका पाकिटात घालून घरात ठेवावे. कार्यालयाच्या कपाटात नको.

आणि सही. रुग्णालयाच्या खाटेवर ‘आमची काही तक्रार नाही’ असा कागद पुढे येतो, बरोबर थोडे पैसेही येतात. इंग्लंडच्या त्या १८८० च्या पळवाटेचा हा धाकटा भाऊ. आपल्या कायद्याने ती वाट बंद केली होती : हक्क सोडून देणारा करार रद्दबातल, आणि मृत्यूची भरपाई मालकाने थेट घरच्यांच्या हातात न देता आयुक्तांकडे जमा करायची. विधवेच्या हातावर चार नोटा ठेवून अंगठा घेण्याचा रिवाज मोडण्यासाठीच ते कलम होते. घरातल्या माणसांना एवढे ठाऊक असले तरी पुरते. दुसरे वाहन गुंतलेले असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही रस्ता असतो. मात्र कामगार भरपाई आणि मोटार अपघाताची भरपाई यांतला एकच दरवाजा निवडावा लागतो. मोटार अपघाताच्या दाव्याची मुदत २०२२ पासून सहा महिन्यांची झाली आहे, म्हणून वकिलाकडे जायचे ते पाय बरा झाल्यावर नव्हे, प्लास्टर असतानाच.

हे झाले फिरतीचे, मालकाने पाठवलेल्या माणसाचे. पण जो रोज आपल्या सायकलवरून नुसता कामाला जातो, त्याचे काय? केरळातल्या एका कामगाराला १९७१ मध्ये कारखान्यापासून किलोमीटरभरावर लॉरीने धडक दिली. पाळी सुरू व्हायला पंधरा मिनिटे होती. खांद्याजवळचे हाड मोडले. राज्य विमा योजनेखाली त्याने मागितलेला लाभ पंचवीस वर्षे कोर्टात फिरला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कामाला जाणे म्हणजे काम करणे नव्हे. सायकल त्याची, रस्ता सरकारचा. ही चूक संसदेने २०१० मध्ये विमा कायद्यात एक कलम घालून दुरुस्त केली : घर ते काम आणि काम ते घर या वाटेवरचा अपघातही कामाचाच मानावा, मात्र वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. तरी एक फट राहिलीच. विम्याच्या कक्षेत नसलेला, जुन्या १९२३ च्या कायद्यावर अवलंबून असलेला मोठा कामगारवर्ग बाहेर राहिला.

ती फट बुजवली ती मराठवाड्यातल्या एका रखवालदाराच्या घरच्यांनी. तो आताच्या धाराशिव भागातल्या साखर कारखान्यात पहाऱ्याला होता. पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलवर कामाला निघाला, आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. मागे बायको, चार मुले आणि आई. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण तो अजून कारखान्यात पोचला नव्हता. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निकाल पुन्हा उभा केला. २०१० च्या त्या कलमातला अर्थ जुन्या कायद्यालाही लागू आहे, असे न्यायालयाने ठरवले. पहाटे तीनच्या पाळीसाठी अंधारात बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या कुठल्या कामाने रस्त्यावर असणार?

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि १९२३ चा कायदा व १९४८ चा राज्य विमा कायदा हे दोन्ही तिच्यात सामावले गेले. कामाच्या वाटेवरचा अपघात आता संहितेतच लिहिलेला आहे, विमा असलेल्यासाठीही आणि नसलेल्यासाठीही. पण वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवण्याची अट तिच्यातही आहे. रखवालदाराच्या घरच्यांना तो दाखवता आला, कारण त्याच्या पाळीची वेळ ठरलेली होती. सकाळी एका दुकानाचा माल आणि दुपारी दुसऱ्याचे पार्सल पोचवणाऱ्या, पाळी नसलेल्या, हजेरीपत्रक नसलेल्या पोरांनी तो कशावरून दाखवायचा? त्यांच्या हातात असतो तो मोबाइल, आणि त्यात शेवटची ऑर्डर किती वाजता आली याची नोंद. अपघातानंतर फोन सुरू असेल तर त्या पानाचा फोटो तेवढा कुणाला तरी पाठवून ठेवावा.