जमीन त्यांची, करार कुणाचा? लायबेरियाचा धडा

जमिनीचा विषय निघाला की आपण महार वतनाचा इतिहास सांगतो. वतनाच्या तुकड्याच्या बदल्यात अख्ख्या जातीकडून राबवून घेण्याच्या या व्यवस्थेविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. हा इतिहास आपल्याला पाठ असायलाच हवा. पण जमीन आणि वेठ यांची सांगड फक्त आपल्याच देशात घातली गेली असे नाही. आफ्रिकेतला लायबेरिया पाहा.

अमेरिकेतून आलेल्या, त्यातही गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेला हा देश १८४७ मध्ये स्वतंत्र झाला. मात्र सत्तेवर बसलेल्या या मूठभरांनी तिथल्या मूळ रहिवाशांना बरोबरीचे मानले नाही. १९२६ मध्ये याच सरकारने फायरस्टोन या अमेरिकी कंपनीशी करार केला. रबराच्या मळ्यांसाठी दहा लाख एकरांपर्यंत जमीन, ९९ वर्षांसाठी, एकरी वर्षाला अवघे सहा सेंट! ज्यांच्या रानात मळे उभे राहणार होते, त्यांची संमती कुणी घेतली?

त्याच काळात तिथे वेठबिगारीचा प्रश्न जगापुढे आला. राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाचा अहवाल १९३० मध्ये आला. फर्नांडो पो बेटावर जबरदस्तीने मजूर पाठवण्यात सरकारातील बडे अधिकारीच गुंतले होते, हे उघड झाले आणि राष्ट्राध्यक्ष किंग यांना पायउतार व्हावे लागले. गुलामीतून सुटलेल्यांच्या वारसांनीच दुसऱ्यांना वेठीला धरले होते!

दीर्घ यादवी युद्धानंतर २००९ मध्ये लायबेरियाने चांगला कायदा केला. खाणी, तेल, जंगल आणि शेतीमळे यांचे करार जनतेसाठी खुले करायचे. पण त्याच वर्षी सिमे डार्बी या मलेशियन कंपनीला २,२०,००० हेक्टर जमीन ६३ वर्षांसाठी देण्यात आली. २०११ मध्ये ग्रँड केप माउंटमधील गावकऱ्यांनी तक्रार केली की आमची शेते, पूर्वजांच्या कबरी आणि श्रद्धास्थाने बुलडोझरखाली गेली. हा वाय लोकांचा मुलूख. या समाजाने १८३० च्या दशकात स्वतःची लिपी घडवली होती. त्यांच्या जमिनीचा करार मात्र झाला इंग्रजीत. पुढे २०१८ च्या भूमी हक्क कायद्याने परंपरागत सामूहिक मालकी कागदपत्राविनाही मान्य केली.

यातून आपण काय घ्यायचे? पहिले, सहीला आपला माणूस बसला म्हणून करार आपला होत नाही. दुसरे, सही झाल्यावर खुला केलेला कागद म्हणजे पारदर्शकता नव्हे. करार सहीआधी, गावाच्या भाषेत, गावासमोर वाचला गेला पाहिजे आणि "नाही" म्हणण्याचा अधिकार गावाकडे असला पाहिजे.

आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की सार्वजनिक संस्थांनी माहिती स्वतःहून जाहीर करावी. तरीही कराराची प्रत मागितली की कलम ८(१)(घ) मधल्या व्यापारी गोपनीयतेची ढाल पुढे येऊ शकते. त्याच कलमात व्यापक जनहितासाठी माहिती देता येते असेही लिहिले आहे. अर्ज करताना त्यावरच बोट ठेवा.

शेतमजूर, भूमिहीन, गायरान कसणारा, यांचे नाव बहुधा कुठल्याच करारात नसते. म्हणूनच करार वाचायला आपण शिकले पाहिजे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, याचा आजचा एक अर्थ हाही आहे.

जय भीम!