बाबेल्सबर्गमध्ये उभारलेले व्हिएन्ना

नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपचा नकाशा नव्याने आखण्यासाठी १८१४-१५ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेली परिषद वाटाघाटींइतकीच मेजवान्यांनी आणि नृत्यसोहळ्यांनी गाजली, आणि ‘डेर कोंग्रेस टान्झ्ट’ हा एरिक शारेल यांचा १९३१ चा जर्मन बोलपट याच लौकिकावर बेतलेला आहे. हातमोज्यांच्या दुकानातील क्रिस्टल आणि रशियाचा झार पहिला अलेक्झांडर यांची त्यातील प्रेमकथा नेपोलियन एल्बा बेटावरून निसटल्याची वार्ता येताच संपते.

हे व्हिएन्ना उभे राहिले ते बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग येथे, ‘ऊफा’ कंपनीच्या कलागारात. कलागाराबाहेर मात्र त्याच वर्षी जर्मनीतील एक मोठी बँक कोसळली होती आणि बेकारांची संख्या ४० लाखांवर गेली होती. त्यातच चित्रपट परदेशी पाठवणेही आता सोपे राहिले नव्हते. मूकपटातील मजकुराच्या पाट्या बदलल्या की तो कोणत्याही देशात चालत असे. बोलपटाने ही सोय हिरावून घेतल्यामुळे निर्माते एरिक पोमर यांनी हाच चित्रपट जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित करवला. ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा काढला, तोही याच पद्धतीने. लिलियन हार्वे यांना तिन्ही भाषा अवगत असल्याने नायिका तिन्ही आवृत्त्यांत त्याच राहिल्या. विली फ्रिच यांनी साकारलेला झार मात्र फ्रेंच आणि इंग्रजीत आँरी गारा यांच्याकडे गेला.

त्या काळी ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेमुळे कॅमेरा बहुधा एका जागी जखडलेला असे. म्हणूनच क्रिस्टलच्या घोडागाडीचा प्रसंग आजही थक्क करतो. झारने दिलेल्या बंगल्याकडे ती गात निघते, छायालेखक कार्ल हॉफमान यांचा कॅमेरा गाडीबरोबर बाजारातून शिवारापर्यंत धावतो आणि वेर्नर रिचर्ड हायमान यांची चाल वाटेवरची माणसे उचलून धरतात. उलट कोनराड फाइट यांनी रंगवलेला ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिख बिछान्यात पडल्या पडल्या नळ्यांतून राजवाड्यातील कुजबुज ऐकतो. नव्याने हाती आलेल्या ध्वनीचा इतका मार्मिक वापर त्या वर्षांतील फार थोड्या बोलपटांत आढळतो.

हे गतवैभव साकारणाऱ्यांपैकी अनेकजण ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर पोमर, शारेल आणि हायमान यांना जर्मनी सोडावी लागली, ज्यू पत्नी असलेले फाइटही बाहेर पडले आणि १९३७ मध्ये चित्रपटावरच बंदी आली. झारचा सहायक अधिकारी बिबिकोव्ह रंगवणारे विनोदी नट ओटो वालबुर्ग नेदरलंड्समध्ये आश्रयाला गेले होते. तेथे ते पकडले गेले आणि १९४४ मध्ये ऑश्विट्झ येथे त्यांची हत्या झाली.